अहवालातली सातवी ओळ

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. हेल्मेट सुरेख आहे, रंगही माझ्या आवडीचा आहे, आणि मी ते घालणार नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं पत्र तू आशेवर वाचशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

चिमणी तुला माहीत आहे. आमच्या आरोग्य केंद्रातली सगळ्यात बुटकी नर्स, सायकलचं सीट तळाला नेऊनही जिचे पाय जेमतेम टेकायचे. अकरा वर्षं आम्ही दोघींनी सायकलवरून घरोघरी जाऊन ड्रेसिंग आणि इंजेक्शनं केली. गेल्या महिन्यात चौकात वळणाऱ्या ट्रकखाली ती गेली. चाक छातीवरून गेलं. डोक्याला साधा ओरखडा नव्हता. मी हे ऐकीव सांगत नाही, तिला शेवटचं पुसून काढणारी मीच होते.

आता चौकशीचा अहवाल आलाय. कारणांच्या खाली, सातव्या ओळीत लिहिलंय की मृत महिलेने हेल्मेट घातलेले नव्हते. बस. दुसरं कारणच नाही. ट्रकवाल्याने आरशात पाहिलं का, हे विचारायलासुद्धा कोणाला सुचलं नाही. आणि त्या ओळीच्या आधारावर आमच्या साहेबांनी परिपत्रक काढलं की पंधरा तारखेपासून हेल्मेट नसेल तर सायकल चालवायची नाही.

ही ओळ शेजारणीने चिमणीच्या आईला वाचून दाखवली. त्या माउलीने त्या दिवशी सकाळी लेकीच्या हेल्मेटचा पट्टा घामाने कुबट झाला म्हणून धुऊन दोरीवर टाकला होता. पट्टा ओला, म्हणून चिमणी तशीच गेली. आता आई म्हणते की मुलीला मीच मारलं. तिच्या पायावर जुनी जखम आहे, दिवसाआड मी ड्रेसिंग करते. अहवाल आल्यापासून ती मला पायाला हात लावू देत नाही. मला बरं व्हायचा हक्क नाही, म्हणते.

मी हेल्मेट घालून तिच्या दारात उभी राहिले तर तोंडाने एक शब्द न बोलता सांगितल्यासारखं होईल की हो बाई, अहवाल खरा आहे. ती ओळ जाईपर्यंत माझं डोकं मोकळंच राहील.

बायकोला आणि छकुलीला आशीर्वाद. रागावलास तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा संतापलो, पण दुसऱ्यांदा जरा कमी.

चिमणीबद्दल आणि तिच्या आईबद्दल वाचून जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. पण ताई, मी रोज काय करतो ते तू विसरलीस. कारखान्यात लोखंडी डोक्याला हेल्मेट चढवायचं, माणसाच्या उंचीवरून खाली ऐरणीवर सोडायचं, आणि आतल्या डोक्याला किती हादरा बसला ते मीटरवर वाचायचं. दिवसाला चाळीस वेळा. हेल्मेट न घालता तेच लोखंडी डोकं सोडलं की मीटरचा आकडा कुठे जातो ते मी पाहिलंय. त्या दिवसानंतर मी दुकानापर्यंतसुद्धा हेल्मेटशिवाय सायकल काढत नाही. परवाच आमच्या गल्लीतला सुतार खडीवरून घसरला. हेल्मेटला तडा गेला आणि तो स्वतः उठून, शिव्या घालत, घरी गेला.

ट्रकपुढे हेल्मेट कुचकामी, मान्य. पण तू रोज ट्रकखाली जातेस का? तू खड्ड्यात पडशील, अचानक उघडलेल्या गाडीच्या दारावर आपटशील, कुत्र्याला चुकवताना कोलमडशील. तुझं डोकं फुटून त्या आईचा पाय बरा होणार नाही.

बायकोचं म्हणणं आहे की तुला दोरीने बांधून हेल्मेट घालावं. मी तिला सांगितलं की लहानपणी हिला अंघोळीला बसवायला तिघं लागायची. तरीही हात जोडून सांगतो, घाल.

तुझ्या थोरलेपणाचा मान ठेवून भांडतोय, तेव्हा माया कमी करू नकोस.

तुझा
बारक्या


१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पंधरा तारीख उलटली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की हेल्मेट घालणार की कापसाचे गठ्ठे मोजत टेबलावर बसणार. मी परिपत्रक पुन्हा वाचायला मागितलं. त्यात सायकल चालवायची नाही असं आहे, सायकल हातात धरून चालायचं नाही असं कुठेच नाही. तेव्हा मी तीन दिवस चालत फिरते आहे. हँडलला औषधांची पिशवी, सीटला तू पाठवलेलं हेल्मेट बांधलेलं, आणि मी बाजूने पायी. साहेब खिडकीतून बघत होते. मी हात हलवला.

चौदा घरं पायी करायची म्हणजे तंगड्या गळ्यात येतात. दुपारच्या इंजेक्शनवाल्या आजोबांनी स्वतः केंद्रात फोन करून विचारलं की आमची नर्स गोगलगाय कधीपासून झाली. लोकांनी असेच फोन करावेत, माझी ना नाही.

गंमत पुरे. चिमणीच्या आईच्या पायाचा वास आता दारातूनच येतो. डॉक्टर येऊन गेले. आणखी तीन आठवडे ड्रेसिंग झालं नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, असं त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, कापा. मी पुष्कळ समजावलं की चिमणीचं डोकं शाबूत होतं, मी पाहिलंय. तर म्हणाली की तू तिची मैत्रीण, तू असंच म्हणणार, कागदावर शिक्का मारून काही वेगळंच लिहिलंय.

म्हणून कागदच बदलायला हवा. चौकशी समितीकडे मी हरकत नोंदवली आहे, पाच मार्चला सुनावणी आहे. माझ्या बोलण्याला तिथे वजन नाही, मी पडले नर्स. पण तू ही हेल्मेटं आपटणारा माणूस आहेस. चाक छातीवरून गेलं तर हेल्मेटचा काय उपयोग, एवढंच लिहून सही करून दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून टाळाटाळ करतोय, ते तुझ्यापासून लपवत नाही. मला हे जमणार नाही. मी हेल्मेटच्या कारखान्यात नोकरी करतो. हेल्मेटचा उपयोग नव्हता असं माझ्या सहीने गेलं, तर वरिष्ठ मला घरी बसवतील. आणि समजा नोकरी राहिली, तरी उद्या कोणीतरी तो कागद नाचवून म्हणेल की बघा, यांचा माणूसच सांगतो, हेल्मेट घालू नका. एखाद्या पोराने ते ऐकून डोकं फोडून घेतलं तर त्याचं पाप कोणाच्या माथी?

तू हेल्मेट घाल, मग पुढचं बोलू.

राग येईल, तो पत्रात मावेल एवढाच असू दे.

बारक्या


२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

राग पत्रात मावत नाही, तेव्हा लिहितच नाही. फक्त एक सांगते. हेल्मेट कामाचं नाही असं लिही, असं मी म्हटलेलं नाही. ते कशाच्या कामाचं आहे आणि कशाच्या नाही, हे खरं खरं लिही म्हटलं. अर्धं खरं तर साहेबांनी लिहिलंच आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी एक म्हातारी पाय कुजवत बसली आहे.

तू लिहिलंस तरी मी जाणार, नाही लिहिलंस तरी जाणार.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, ते हेल्मेट घालू नकोस. चुकूनसुद्धा नको.

हे वाक्य माझ्या हातून लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं. आपटलेल्या प्रत्येक हेल्मेटच्या आत मी लाल फुली मारतो आणि ते भंगारात टाकतो, कारण एकदा मार खाल्ला की आतला फोम दबतो. बाहेरून मात्र ते नव्यासारखंच चकचकीत दिसतं. तुझं पार्सल बांधलं त्या दिवशी माझ्या टेबलावर एकाच रंगाची दोन हेल्मेटं होती, एक आपटलेलं, एक कोरं. फुली मारायची राहून गेली होती. काल नोंदवही जुळवताना आपटल्याची नोंद असलेला नंबर सापडेना, आणि कोरं हेल्मेट कपाटात जसंच्या तसं बसलेलं. म्हणजे मार खाल्लेलं तुझ्याकडे आलं. सख्ख्या बहिणीला, मी, माझ्या हाताने पाठवलं.

माझं ऐकून तू ते घातलं असतंस आणि निर्धास्तपणे खड्ड्यात पडली असतीस तर? तुझ्या हट्टीपणाला आजवर इतकी नावं ठेवली, ती सगळी परत घेतो.

सकाळी वरिष्ठांकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांनी यथेच्छ झापलं. एवढं झापून घेतलंच आहे तर दुसरंही सांगून टाकावं म्हणून समितीला पत्र लिहिणार असल्याचं बोललो. नोंदवही मिटून ते म्हणाले की कारखान्याचं नाव घालू नकोस, आणि जे मोजलंयस तेवढंच लिही.

तसंच लिहिलं. माणूस सायकलवरून पडला तर हेल्मेट डोक्याचा मार कमी करतं, हे मी रोज मोजतो, प्रत्येकाने ते घालावं. पण छातीवरून गेलेलं चाक थोपवणारं हेल्मेट मी पाहिलेलं नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर तो लोकांना फसवतो. खाली पूर्ण सही केली आहे.

सोबत ते पत्र आणि कोरं हेल्मेट आहे. घालायचं की नाही ते तू ठरव. मला आता सांगायला तोंड नाही.

मोठ्या मनाने पदरात घे,
तुझा
बारक्या


९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि ते कमी पडले तर आणखी.

तुझं पत्र मी समितीपुढे उभं राहून वाचलं. पहिला अर्धा भाग ऐकून साहेब मान डोलवत होते, दुसऱ्या अर्ध्याला मान थांबली. मग त्यांनी विचारलं की ओळ बदलली तर तुम्ही हेल्मेट घालणार ना. मी म्हटलं, मी भाजी घ्यायला आलेले नाही, घासाघीस करणार नाही. ओळ चुकीची आहे म्हणून बदला. समितीच्या बाईंनी शवविच्छेदनाच्या डॉक्टरांचा कागद मागवला, ट्रकवाल्याचा जबाब पहिल्यांदाच उघडला, आणि त्यात त्याने स्वतःच आरशात न पाहिल्याचं कबूल केलेलं निघालं. महिनाभर तो कागद त्याच फाइलमध्ये होता!

सातवी ओळ आता अशी आहे: मृत्यू छातीवरून चाक गेल्याने झाला, वळताना चालकाने आरशात पाहिले नव्हते, हेल्मेट असते तरी मृत्यू टळला नसता. खाली शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेट घातलं आणि सायकलवर बसले. सौदा म्हणून नाही. आता त्याने चिमणीला कमीपणा येत नाही, आणि माझ्या भावाने मोजलेल्या आकड्यांवर माझा विश्वास आहे, म्हणून. साहेब हसले तेव्हा त्यांना सांगून आले की आता चौकातल्या वळणाबद्दल अर्ज आणते आहे.

तिथून थेट चिमणीच्या आईकडे गेले. माझ्या डोक्याकडे बघून तिने तोंड फिरवलं. मी हेल्मेट न काढता समोर बसले आणि कागद वाचला. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. रडेल असं वाटलं होतं, ती भडकली. ट्रकवाल्याला, समितीला, साहेबांना, आणि इतके दिवस लावले म्हणून मलासुद्धा, तिने वाटेल ते ऐकवलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी उघडली.

तिने पाय पुढे केला. जखम वाईट आहे, पण डॉक्टर म्हणतात पाय वाचेल. चिकटलेली पट्टी सोडवताना इतके दिवस मुक्याने सोसणारी ती बाई जिवाच्या आकांताने किंचाळली आणि मला म्हणाली की हळू कर, मेले, दुखतंय मला. ते ऐकून मला इतका आनंद झाला की हातातला चिमटा खाली पडला.

कळावे, आणि जवळच राहावे.

तुझी
ताई