आठ नंबरचे बूट

निर्मळ,
१० नोव्हेंबर २००२

प्रिय गॅब्रिएल,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. घरात टेलिफोन असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहितो, असं तू आधी कॅथरिनवहिनीला विचारशील, म्हणून तेच पहिल्यांदा सांगतो. फोनवर मला धड बोलायला सुचत नाही, आणि मला सुचेपर्यंत तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्राला तसं करता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा चुकल्या तर व्हिन्सेंटला हसू देऊ नकोस. बापाचा मित्र आहे म्हणावं, मास्तर नाही. आणि हे शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून घडी करून खिशात टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी चांगली बातमी. माझा पाय राहिला. जाणार होता की काय, असं तू म्हणशील. हो, जाणार होता, आणि मी तुला कळवलं नाही. गेल्या सोमवारी सोपाऱ्याला टाचेचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला, खालीवर करून बघितला. मी फोटोकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग म्हणाल्या, "आजोबा, हाड छान भरलंय." मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की." मी पुन्हा विचारलं तेव्हा आमची हंसा म्हणाली, "बाई, यांना शिक्का मारून लिहून द्या, नाहीतर उद्या परत येऊन बसतील." खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी जायचं माझ्या मनात होतं. हिने सायकलची चावी डब्यात लपवली.

बाकी वाडीचं चांगलं आहे. पाऊस वेळेवर आवरला. तुझ्या कुंपणाकडची केळी माझ्यापेक्षा सरस आली आहेत, आणि ते मला आवडलेलं नाही. हंसा सुकेळी करते आहे. अंगणात सोललेल्या केळ्यांच्या वाळवणाची ताटंच ताटं, आणि मी दिवसभर कावळे हाकतो. जत्रा तीन आठवड्यांवर आली. तळ्याकाठी आत्ताच दुकानांचे बांबू पडायला लागलेत. जत्रेवरून मला गेल्या वर्षीचा दिवस आठवतो. त्या दिवसाचं पुढे लिहितो. आत्ता नको.

पायाचं पहिल्यापासून सांगतो. तू नाशिकला लेकाकडे राहायला गेलास त्याच वर्षीच्या श्रावणात पानमळ्यात वेल बांधताना माझ्या टाचेत बांबूची सल घुसली. मळ्यात आम्ही चप्पल घालत नाही हे तुला मी काय सांगायचं. माझ्या बापाने कलेक्टरालासुद्धा मळ्याच्या तोंडाशी बूट काढायला लावले असते. सल मी चिमट्याने काढली. आपण लहानपणापासून करतो तेच केलं, विड्याचं पान एरंडेल लावून निखाऱ्यावर गरम केलं आणि बांधलं. चार दिवसांत पू आला, गेला, जखम बुजली. पंधरा दिवसांनी पुन्हा तोंड फुटलं. पुन्हा पान. असं तीन वेळा झालं. मधे गावातल्या एका डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, पण दुखणं थांबलं म्हणून निम्म्या तशाच ठेवून दिल्या. पुढच्या खेपेला कामी येतील म्हटलं.

जत्रेच्या वेळेला जखम पूर्ण बुजलेली होती. तू आला होतास. मी विमलेश्वराला नारळ फोडला, तू तुझ्या देवळात सायबीणमातेपुढे मेणबत्ती लावलीस, आणि माझ्या एका टाचेसाठी दोन्हीकडचे देव कामाला लावले म्हणून आपण किती हसलो. मग तुझ्यासाठी हंसाने अर्नाळ्याहून आणलेले बोंबील तळले. मला वाटलं, जिंकलो.

तू परत गेलास आणि तीन आठवड्यांत मला थंडी वाजून ताप भरला. टाच अशी ठणकायची की चादरीचा स्पर्श सोसेना. मग जखमेला तोंड फुटलं, ताप उतरला, आणि मला हायसं वाटलं. पण ते तोंड काही बंद होईना. रोज थोडं थोडं पिवळं पाणी. हंसाला कळू नये म्हणून पट्टीची चिंधी मी वाडीतल्या पंपावर स्वतः धुवायचो आणि केळीच्या आड वाळत घालायचो. दोन महिने असं चाललं. तिला संशय कशावरून आला माहीत आहे? माझ्या अंगाला डेटॉलचा वास यायचा म्हणून नाही. "चाळीस वर्षांत स्वतःचा टॉवेल पिळला नाहीत, आणि आता चिंध्या धुताय?" म्हणाली. माझ्या मागोमाग पंपापर्यंत आली आणि टाच हातात धरून बघितली. रडली नाही. रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंचं नाव उन्नती. आपल्या पोरींपेक्षाही लहान, पण जीभ तिखट. त्यांनी तेव्हाही टाचेचा फोटो काढून बघितला आणि म्हणाल्या, "जखम बुजली म्हणजे बरी झाली, असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "बाई, सगळं जग असंच म्हणतं." त्या म्हणाल्या, "मग जगाला पण घेऊन यायचं होतं." नंतर जवळ बसून नीट समजावलं. ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण मी ते घरी येऊन रोज मनात घोकलंय. जंतू कातड्यात नव्हते, टाचेच्या हाडात शिरले होते. जिथे शिरले तिथलं थोडं हाड मेलं. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, आणि रक्त जात नाही तिथे औषधही जात नाही. म्हणून मी आणखी शंभर गोळ्या खाल्ल्या असत्या तरी जंतू आत मजेत बसले असते. वरचं तोंड बुजायचं तेव्हा पू आत कोंडायचा आणि हाड आणखी खायचा. म्हणजे मी ज्या दिवशी नारळ फोडला, तो माझा सगळ्यात वाईट दिवस होता. मूळ कुजलेल्या वेलीची पानं मी पुसत बसलो नसतो, गॅब्रिएल. उकरून बघितलं असतं. वेलीचं कळतं, स्वतःचं कळलं नाही.

"आणखी उशीर केला असतात तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता," असं त्या म्हणाल्या. हंसा तेव्हा बाहेर औषधाच्या खिडकीपाशी होती, म्हणून हे अजून तिला माहीत नाही. तूही सांगू नकोस.

मार्चमध्ये ऑपरेशन केलं. मेलेलं हाड खरवडून काढलं आणि त्यातला तुकडा तपासायला पाठवला, कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाने मरतो ते कळायला. तोवर मला वाटायचं, गोळी ती गोळी. मग सहा आठवडे शिरेतून औषध. दोन आठवडे खाटेवर, नंतर रोज रिक्षाने जाऊन. पुढे जुलैपर्यंत गोळ्या, एकही न चुकवता. टाच जमिनीला टेकवायची नाही. जखम वरून शिवली नाही, मुद्दाम उघडी ठेवली. हंसा रोज त्यात कापडाची पट्टी वातीसारखी भरायची, म्हणजे ती तळापासून भरत वर येईल. हिचा हात इतका बसला की सिस्टरने विचारलं, "मावशी, नोकरी करता का?" तेव्हापासून घरात माझं काही चालत नाही. ताप आला की सांगा, लाली दिसली की सांगा, अजून वर्षभर डोळा ठेवा, असं बजावलंय. मी दिवसातून चार वेळा थर्मामीटर लावतो. हंसा म्हणते, थर्मामीटरलाच ताप येईल.

आता मळ्याचं ऐक. मी मळ्यात रबरी बूट घालतो. बापाचा नेम मोडताना तीन दिवस जेवण गेलं नाही. वेल रागावेल, पान गळेल, काय काय मनात आलं. देवाला सांगितलं, वेलीला सांगितलं, मग पाय टाकला. चार महिने झाले. रोज पानं बघतो. वेलीला काही झालेलं नाही. उलट या हंगामात पान जास्तच रुंद आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा कॅथरिनचा फोन आला होता, तू बाजारात गेला होतास तेव्हा. माझ्या पायाची चौकशी करता करता ती सहज म्हणाली, "तुमचा मित्र आता बदललाय हो, स्वतःचे मोजे स्वतः धुतो, मला हातही लावू देत नाही. घरातसुद्धा मोजे घालूनच असतो." ती हसत होती. मला केळीच्या आड वाळत घातलेल्या माझ्या चिंध्या आठवल्या. गॅब्रिएल, गेल्या जत्रेच्या दिवशी माझी बरी झालेली टाच दाखवायला मी तुला मळ्यात नेलं, आणि तोंडाशी तुझे बूट मीच काढायला लावले. तू म्हणालास, "बळीराम, मला साखर आहे, डॉक्टरांनी अनवाणी चालू नको सांगितलंय." मी म्हटलं, "माझ्या मळ्यात तुझ्या डॉक्टरांचं चालत नाही." तुझ्या टाचेत सल गेली ती माझ्या मळ्यातली. मीच काढली, मीच पान गरम करून बांधलं, आणि माझ्या उरलेल्या गोळ्या कागदात बांधून मीच तुला दिल्या. त्याला आता वर्ष होईल. फोनवर मी तुझ्या पायाचं काढलं की तू "दुखत नाही, दुखत नाही" म्हणतोस. डॉक्टरीणबाईंना मी काल जाऊन विचारलं. साखर असलेल्याच्या पायाला दुखणं कळतच नाही म्हणाल्या, दुखत नाही हीच भीती, आणि उद्या नको, आजच दाखवा. तिथल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला दाखव, इथेच यायला हवं असं नाही. अजून उशीर झालेला नसेल असं मी धरून चाललोय. मला शिव्या दे, पण दाखव. हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. रविवारी सकाळच्या एसटीचं मी तिकीट काढलंय. मी एकटा कधी वसईबाहेर गेलेलो नाही हे तुला माहीत आहे. हंसाने गाडीचा नंबर कागदावर लिहून माझ्या खिशाला टाचणीने लावलाय. तोवर तू डॉक्टरकडे गेला असलास तर आपण चहा पिऊ. गेला नसलास तर तुझ्या दारात बसून राहीन, आणि तू माझ्यासमोर मोजा काढेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही.

तुझाच,
बळीराम

ता. क. मळ्याच्या तोंडाशी आता बुटांचे दोन जोड ठेवलेत. दुसरा आठ नंबरचा आहे. तुझं माप आठच ना? पायाला आराम पडला की घालून बघ. घाई नाही, पुढच्या वर्षीच्या जत्रेला चालेल.