विजयाबाईंच्या नावाची कमान रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी साहेब,
बाजार विभाग, लष्कर,
ग्वाल्हेर

विषय : अर्जदाराने स्वतःच मागितलेलं ‘विजयाबाई भोइटे स्मृतिद्वार’ नामंजूर करून त्याच जागी भाजीवाल्या बायकांसाठी शौचालय बांधून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. २ जून २०२५ चा अर्ज, ज्यावर विश्वास ठेवू नये.

महोदय,

अर्जदार हेमेंद्र जगदाळे, वय २६, राहणार दाना ओली, घरातच टायपिंगचं काम करतो. शाळा हिंदीत झाली. मराठी लिहिणं तो बघून बघून शिकला, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. खिडकीवर साहेब स्वतः म्हणाले, मराठीत दे, मी वाचीन, म्हणून ही हिंमत.

१. कै. विजयाबाई म्हणजे तीन वेळा नगर निगमचे पार्षद राहिलेल्या कै. कृष्णराव भोइटे यांच्या पत्नी. निवडून कृष्णराव यायचे, पण दाराशी आलेला माणूस ‘बाई आहेत का’ असंच विचारायचा. मग कृष्णराव आत तोंड करून हाक मारायचे, ‘अहो, तुमचे मतदार आलेत!’ ते गेले, पद गेलं, गाडी गेली. बाई पुढची सोळा वर्षं शेअर टेंपोत बसून ऑफिसं फिरल्या. कुणाची विधवा पेन्शन, कुणाच्या पोराचं रेशन कार्डावर राहिलेलं नाव. जिचं काम असेल तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहायच्या. कुणी खुर्ची दिलीच तर तिला बसवायच्या, आपण उभ्याच.

२. अर्जदाराने सात वर्षं बाईंचे अर्ज टाइप केले. बाई म्हणायच्या, ‘हेमू, अर्जात रडू नकोस. कुणाला काय हवंय ते लिही. आणि ज्याचा अंगठा घ्यायचा, त्याला आधी वाचून दाखव.’ अर्जदार मान डोलवायचा.

३. मार्चमध्ये बाईंनी शेवटचा अर्ज सांगितला. नई सडकच्या मागच्या गल्लीत एकतीस बायका भाजी विकतात. त्यांना दिवसभर जायला जागा नाही. पाण्याच्या टाकीमागे निगमची मोकळी जमीन आहे. बाईंनी एक्क्याऐंशीव्या वर्षी वाकून ती फितीने मोजली, बारा फूट बाय आठ फूट. फितीचं दुसरं टोक अर्जदाराच्या हातात होतं. बाई म्हणाल्या, उद्या टाक. अर्जदार म्हणाला, टाकतो बाई. लग्नपत्रिकांचा सीझन होता. तीन आठवडे त्याचा ‘उद्या’ काही उजाडला नाही. नऊ एप्रिलला बाई गेल्या.

४. आता जे सांगायचं ते अर्जदार एका दमात सांगतो, नाहीतर परत राहील. अंत्ययात्रेला सगळा लष्कर भाग लोटला होता. जो तो म्हणत होता, बाईंसाठी काहीतरी करायला पाहिजे. अर्जदाराच्या डोक्यात कमान शिरली. त्याने कॉम्प्युटरवर पडलेला बाईंचा अर्जच उघडला. विषय बदलला. मधला परिच्छेद बदलला. जागा तीच ठेवली आणि माप तेच, कारण मोजायचा कंटाळा. काळ्या दगडावर खाली बारीक अक्षरात ‘प्रस्तावक : हेमेंद्र जगदाळे’ येणार होतं. जन्मभर दुसऱ्यांची नावं टाइप केली, एकदा आपलं कोरलेलं बघावं, एवढंच मनात होतं. बाईंवर प्रेम नव्हतं असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरवर होतं.

५. अंगठे घेताना अर्जदाराने वाचून दाखवलं नाही. ‘बाईंचं काम आहे’ एवढंच म्हणाला. या गल्लीत चाळीस वर्षं बाईंचं नाव घेतल्यावर कुणी पुढे काय लिहिलंय ते विचारलेलं नाही. सगळ्यांत जुन्या वनमालाबाईंनी तर बाकीच्यांचे हात धरून पॅडवर टेकवले, ‘अगं दे, बाईंचं म्हणजे आपलंच!’ अर्ध्या तासात एकतीस अंगठे झाले. त्या अंगठ्यांवरच मंजुरी मिळाली. यात ऑफिसची काही चूक नाही, फसवलं ते अर्जदाराने.

६. गेल्या शुक्रवारी खांबांचे खड्डे खणायला मिस्त्री आला. अर्जदार ऐटीत फोटो काढायला गेला. तिथे वनमालाबाई भाजी सोडून मिस्त्रीला बजावत होत्या, ‘सुन भैया, दरवाजा अंदर की तरफ खोलना, बाहर भीड़ रहती है. और अंदर से बंद करने की कुंडी मजबूत.’ मिस्त्री म्हणाला, अम्मा, गेट में कुंडी कहाँ होती है? वनमालाबाई हसल्या. म्हणाल्या, येडाच आहे. मग अर्जदाराकडे वळून म्हणाल्या, ‘हेमू, सांग रे याला. सकाळी चहा सोडला की संध्याकाळपर्यंत आम्ही घोटभर पाणी पीत नाही. आता पिऊ.’

अर्जदाराने मोबाईल खिशात घातला. खरं न सांगता तो घरी निघून गेला. तोही गुन्हा यात धरावा.

७. तरी विनंती की, रविवार दि. १६ चं अनावरण थांबवावं. मंजुरीनंतर अर्जदाराला अर्ज मागे घेता येत नसेल, तर अर्जदार खोटारडा आहे अशी नोंद करून निगमने तो फेटाळावा. तसाही नियम नसेल, तर कमानीचे खांब जरा जवळ आणून मध्ये भिंती घालाव्यात, वर पत्रा टाकावा आणि कागदोपत्री तिला कमानच म्हणावं. दगड कोरून झाला आहे, तो अर्जदार घरी नेईल. शौचालयावर बाईंचं नाव टाकावं की नाही, ते अर्जदाराला ठरवता येत नाही. विचारायची वेळ होती तेव्हा तो पत्रिका छापत होता.

८. काल अर्जदार गल्लीत गेला आणि दोन्ही अर्ज मोठ्याने वाचले, आधी जूनचा, मग हा. कुणी शिव्या दिल्या, त्या बरोबरच होत्या. मग एकेकीने ‘फिर से पढ़’ म्हणून दोनदा वाचून घेतला आणि अंगठा दिला. वनमालाबाईंनी भाजीवर पाणी मारणं थांबवलं नाही.

आपला,
चूक कबूल असलेला अर्जदार
हेमेंद्र जगदाळे
दाना ओली, ग्वाल्हेर
दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(१) कै. विजयाबाईंचा मार्चमधला अर्ज, एक अक्षरही न बदलता.
(२) या अर्जाची हिंदी प्रत.
(३) तीस अंगठे. एकतिसावा चौकोन रिकामा आहे. वनमालाबाई म्हणाल्या, ‘आधी कुंडी लागू दे.’