हारासाठी खिळा

अकोला, मंगळवार, पौष वद्य पंचमी

शिसारी आली आज. त्या गिऱ्हाइकाची, आणि त्याहून माझी स्वतःची. चित्रांचे दुकान काढताना काय काय मनात होते, आणि आता गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून काय काय ऐकून घेतो आहे!

परतवाड्याचे फुलांचे व्यापारी गुलाबराव वडिलांचे चित्र काढवून घ्यायला आले. वडील चांगले धडधाकट, माझ्यासमोर खुर्चीवर बसलेले. मी त्यांचे पागोटे रंगवतो आहे, आणि हा मुलगा त्यांच्यादेखत म्हणतो, "मास्तर, कमिशनर सायबाच्या बंगल्यात हाये तशी सोनेरी चौकट पायजे. अन् वरतून एक खिळा आत्ताच ठोकून ठेवा. पुढं हार अडकवाले कामी येईन."

हार कुणाच्या चित्राला घालतात, हे म्हाताऱ्याला कळत नाही का? कुंचला फेकून गुलाबरावांना "चालते व्हा" म्हणायला हवे होते. मी काय म्हणालो? "हो, ठोकतो."

थू!

गुलाबराव पान खायला बाहेर गेले. माझी मान वर होईना. शेवटी म्हातारबुवाच बोलले, "ठोका मास्तर, खिळा ठोका. पन त्याले सांगजा, हार झेंडूचा नोको. जलमभर तोच तोडला मी. मेल्यावर तरी त्या वासातून सुटू द्या."

गुलाबराव परत आले तेव्हा हा निरोप ओठांवर होता. त्यांना राग येईल म्हणून सांगितला नाही.

खिळा मात्र ठोकला. बरोबर मधोमध.