तबकाखालची बोटं

बाथ, ३ मे

ती. एग्बर्टमामास,
सा. न. वि. वि.

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. मेरिव्हेल हाउसमधलं १७९१ सालचं चित्र साफ करायला माझ्याकडे आलं. त्यात चार गोरे वादक आहेत. मधोमध एक काळा नोकर, डाव्या हातात तबक, उजव्यात रुमाल.
२. एक्स-रे काढला. तबकाखाली व्हायोलिन निघालं, रुमालाखाली गज.
३. तबकाचा पांढरा रंग जस्ताचा आहे. तो चित्रकारांना सर्रास मिळू लागला १७९१ नंतर चाळीसेक वर्षांनी. म्हणजे तबक मागाहून कुणीतरी वरून रंगवलंय.
४. मालकीणबाई मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या, साहेबाचं व्हायोलिन धरून उभा असेल बिचारा. तबक राहू दे, कॅटलॉग छापून झालाय.
५. अहवालात ‘नोकर’ लिहून सही करायला सांगितलंय. अजून केलेली नाही.

मी वाद घातला नाही. ब्रश धुतले आणि घरी आले.

वरून रंगवणाऱ्याने आळस केला, डाव्या हाताची बोटं मूळचीच ठेवली. पूर्ण चित्राचा फोटो सोबत आहे. तू जन्मभर ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवलास, म्हणून विचारते: ही बोटं वाद्य सांभाळतायत की वाजवतायत? रागावर जाऊ नकोस, बोटांवर जा.

आईचा नारळपाव पोचला का? लोभ आहे, तो कमी करू नकोस.

तुझी,
थिया


रेडिंग, ७ मे

चि. थियास,
अ. आ.

पाव पोचला. साखर घालताना तुझ्या आईचा हात यंदाही आखडला, सांग तिला.

बोटं पाहिली. पहिलं आणि तिसरं दाबलेलं, दुसरं उचललेलं, करंगळी पुढच्या स्वरासाठी तयार. अगं बाई, अशा बोटांनी तबक धरलं तर चहा साहेबाच्या मांडीवर जाईल! हा माणूस वाजवतोय, आणि चांगला वाजवतोय. शिवाय चौघांकडे आपापली वाद्यं आहेत. मग हे व्हायोलिन कुठल्या साहेबाचं? विचार तुझ्या बाईंना.

रागावर जाऊ नको म्हणतेस. एकदा मध्यंतरात मी, ऑर्केस्ट्रातला एकटा काळा माणूस, काळा कोट घालून, व्हायोला काखेत धरून उभा होतो. एका बाईने रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. मी घेतला, थिया. नेऊन ठेवलासुद्धा. त्याच्या हातात तबक यायला चाळीस वर्षं लागली, माझ्या हातात ग्लास यायला एक मध्यंतर पुरलं.

सही केलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

तुझा चिडका,
मामा


बाथ, १० मे

ती. मामास,
सा. न.

सही करणार नाही. तुझा प्रश्न मिसेस पेनफोल्डना जसाच्या तसा विचारला. त्या म्हणाल्या, तुमच्या मामांना असं वाटणं साहजिकच आहे. मी म्हटलं, प्रश्न वाटण्याचा नाही, बोटांचा आहे. आवाज त्यांनी चढवला, मी नाही.

आता २१ मेला चित्रासमोरच मेरिव्हेल हाउसच्या विश्वस्तांची बैठक आहे. तबक पुसून काढायचं, की चित्र माझ्याकडून काढून घ्यायचं, ते तिथे ठरेल. चित्र गेलं तर माझी नोकरीही जाईल. आईला कळवू नकोस.

एक्स-रे विश्वस्तांनी पाहिला, पटला नाही. म्हणून तू ये. तोच काळा कोट घाल. चित्राशेजारी उभा राहा, बोटं त्याच्यासारखीच ठेव आणि गज ओढ. ते ऐकल्यावर त्याला नोकर म्हणून दाखवावं त्यांनी.

बैठकीआधी चहा असतो. कुणी रिकामा कप पुढे केला, तर घेऊ नकोस.

येतोस की नाही, ते १५ मेपर्यंत कळव.

थिया