रविवारचं गाणं

तेलीबांधा, रायपूर
हरतालिका

प्रिय अनु,

ग्रुपमधून मी बाहेर पडले ते चुकून बोट लागून नाही. तुझ्या नवऱ्याने, शिशिरने, बाबांना फोनवर तसं सांगितलं म्हणे, ‘आईंचं बोट लागलं असेल, मी परत अ‍ॅड करतो.’ त्याला सांग, करू नकोस. चष्मा लावून, नीट वाचून, फोनने ‘नक्की का’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हणून मी बाहेर पडले आहे. आज उपास आहे, पोटात काही नाही, म्हणून डोकं तापलंय असंही समजू नकोस. डोकं तापून बरेच दिवस झाले, आज सुट्टी मिळाली म्हणून लिहायला बसले एवढंच. आणि फोन असताना पत्र कशाला, तर फोनवरचं काहीही तुझ्या हातातून शिशिरकडे जातं आणि शिशिरकडून त्याच्या आईकडे, इरावतीबाईंकडे. पाकिटावर एकाच माणसाचं नाव असतं.

मागच्या रविवारी तू विचारलंस, ‘आई, तुला गाणी आता आवडत नाहीत का? नुसता अंगठा पाठवतेस. नको असतील तर नाही पाठवत.’ मी म्हटलं, तुझी मर्जी. फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली, जी सकाळीच घासून झाली होती. तर त्या ‘तुझी मर्जी’चं खरं उत्तर आता ऐक. मला रविवारचं गाणं हवं आहे. ते बंद झालं तर तुझ्या-माझ्यात ‘जेवलीस का’ एवढंच उरेल. पण ते मला इरावतीबाईंबरोबर वाटून घ्यायचं नाही. हे लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं, तेवढी वाटली नाही.

हे कसं सुरू झालं ते आठवतं ना? तू नोकरीला बंगळूरला गेलीस आणि रविवारच्या फोनवर भाजी कुठली केली, पाऊस आहे का, ह्यापुढे आपल्याला बोलताच येईना. मग एकदा तूच म्हणालीस, आई, बोलायचं राहू दे, हे ऐक. ते पहिलं गाणं मी फोन कानाला लावून ऐकलं आणि तुला कळवलं की ह्यात गाणं नाहीच, एक पोट्टा नुसता भांडून राहिला. तू किती हसलीस. मग कुरियरने ते मोठे हेडफोन आले, आणि तेच पुन्हा ऐकलं तर त्या भांडणाच्या खाली थेट पोटात वाजणारं काहीतरी होतं. फोनच्या स्पीकरमधून ते बाहेरच येत नव्हतं, त्याला मी काय करणार?

तेव्हापासून मी स्टाफ बसमध्ये तेलीबांध्याहून मंत्रालयापर्यंत ते हेडफोन लावून बसते. नवा रायपूरचा रस्ता एवढा रुंद आणि एवढा रिकामा की खिडकीतून बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ऐकायला फार चांगला. मागच्या सीटवरच्या बायकांनी माझं नाव डीजे मॅडम ठेवलं. पण मी काही नुसतं कानावरून जाऊ देणारी नाही. रॅप करणारा श्वास कुठे चोरतो ते मी शोधायला लागले. ती गिटारवाली मुलगी, जी कपडे वाळत घालताना स्वतःशी बोलावं तशी गाते, तिचं गाणं तर मी पूर्ण आठवडाभर ऐकलं. आणि तू पहिल्यांदा दोन गाणी एकमेकांत मिसळून पाठवलीस, तेव्हा पहिलं कुठे संपलं ते मला सापडेचना. मी तुला लिहिलं होतं, साडीला फॉल असा लावावा, टाका बाहेरून दिसू नये. तू म्हणालीस, आई, इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. सगळंच आवडायचं असंही नाही. कंटाळा आला तर मी ‘कंटाळा’ असं लिहायचे, आणि एका गाण्याचा मधला भाग तू माझ्यामुळे कापलास हे तूच मला सांगितलंस.

मग तू लग्न करून पुण्याला गेलीस आणि इरावतीबाई आल्या. बाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. पण तुझ्या सासूबाई तरुणपणी आकाशवाणीवर गायलेल्या, तुला गाण्यांचं काम करता यावं म्हणून त्यांनी आपली तानपुऱ्याची खोली रिकामी करून दिली. मी हे इथे सगळ्यांना कौतुकाने सांगते, आणि सांगून झालं की दर वेळी घाईने विषय बदलते. तुझं गाणं मला मिळतं ते तयार होऊन, स्वच्छ होऊन. त्यांना ते स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता भिंतीपलीकडून ऐकू येतं, अर्धं, कच्चं, चुकलेलं. तू एखादी जागा पुन्हा पुन्हा वाजवून पाहत असशील, वैतागत असशील, ते सगळं त्यांच्या कानावर. मला हेवा वाटतो अनु, दुसरा शब्द नाही.

तरी रविवार माझा होता. मग तू तो ‘संडे साँग’ ग्रुप काढलास, मी, त्या आणि तू. तुला वाटलं, दोन्ही आयांना एकदम पाठवलं की कोणाला आधी आणि कोणाला नंतर हा प्रश्नच मिटला. अगं, तो प्रश्न मला मिटवायचाच नव्हता. आता गाणं येतं आणि मी हेडफोन शोधून लावेपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं असतं, ओळीच्या ओळी. स्वरांचा पोत काय, अवकाश काय. मागच्या महिन्यातलं तुझं ते बिनशब्दांचं गाणं आठव, सगळं ऐन रंगात असताना एकदम थांबतं आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू लागतं. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘मधली ती शांतता किती धीट आहे, असं थांबायला कलाकाराला अर्धं आयुष्य लागतं.’ मलाही नेमकी तीच जागा आवडली होती. आवडली म्हणण्यापेक्षा ती फार ओळखीची वाटली होती, का ते समजत नव्हतं, आणि समजून घेऊन लिहावं तोवर ती जागा त्यांची होऊन गेली. मग मी अंगठा टाकला. तुला आलेल्या सगळ्या अंगठ्यांचा हिशेब हाच आहे.

त्यात तो व्हिडिओ. आमच्या सेक्शनला एक नवीन मुलगा आलाय, त्याला काही माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना फोन दाखवला, ‘ये डीजे अपने रायपुर की है, और सामने देखो, इसकी मम्मी क्या नाच रही है!’ पुण्याचा तुझा कार्यक्रम, पुढे पांढऱ्या केसांच्या इरावतीबाई, चांदीच्या बांगड्या घातलेले दोन्ही हात वर. सुंदर दिसत होत्या, तेही सांगून टाकते. मी डबा बंद केला आणि म्हटलं, ‘मम्मी मैं हूँ. वो सास है.’ घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं तर ते म्हणतात, ‘काहून जळून राहिली तू? पोरीले सासू चांगली भेटली, अजून काय पाहिजे तुले?’ जन्मभर मालगाडीवर गार्ड होते, सगळ्यात मागच्या डब्यात एकटे बसून राहायचे, त्यांना पुढे कोण बसलं ह्याचं काय दुःख असणार!

त्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरची सत्यभामा बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘दीदी, मोर नोनी घलो गाथे. पोरा के दिन घर आ ना.’ माझी मुलगीही गाते म्हणे, पोळ्याला घरी या. मला वाटलं, बिचारी माझी समजूत घालते आहे. नाही म्हणवेना म्हणून गेले. गुढ़ियारीत, मालधक्क्याच्या मागे, रुळांना लागून त्यांचा पारा, म्हणजे मोहल्ला. सत्यभामाने खारी ठेठरी आणि गोड खुरमी पुढे ठेवली, आणि बाहेर गल्लीत गणपतीसाठी धुमालवाल्यांचा सराव चाललेला. तेच ते आपल्या दारावरून वरातीत जाणारं, गाडीवर चढवलेले ढोल, कीबोर्ड आणि काठ्यांनी बडवायचं ते पॅड. आयुष्यभर धुमाल आलं की मी खिडक्या लावून घेत आले. पॅड वाजवणारा सत्यभामाचा भाऊ. त्याच्या शेजारी तिची लोकेश्वरी उभी राहिली, कॉलेजात जाणारी, ओढणी कमरेला बांधलेली, आणि बोलायला लागली. गायला नाही, बोलायला. ‘पुल के तरी पानी, पानी के तरी मोर चप्पल.’ पुलाखाली पाणी आणि पाण्याखाली माझी चप्पल. पावसात रेल्वेचा तो पूल भरतो आणि हिचा क्लास बुडतो, एवढीच कथा, पण काय रागाने आणि काय मजेत सांगत होती. खाली ते धुमाल. ज्याला मी गोंगाट म्हणायचे त्याच्या आत मला एक एक आवाज सुटा ऐकू येत होता, हेडफोन नसताना. हा कान तू मला दिलास, हे मी विसरलेले नाही.

आणि ती थांबली. ऐन ओळीच्या मध्ये. मामानेही काठ्या वर धरल्या. मला वाटलं पोट्टी विसरली. तेवढ्यात मागच्या रुळावरून मालगाडी गेली, डब्यावर डबा आपटत, आणि शेवटचा डबा गेल्यावर तिने जिथे सोडला होता तिथूनच शब्द उचलला. मी सत्यभामाकडे पाहिलं. ती हसली, ‘हव दीदी, इहाँ सब्बो झन अइसने गोठियाथें.’ आमच्याकडे सगळे असेच बोलतात म्हणे. मी लोकेश्वरीला म्हटलं, पुन्हा म्हण. दुसऱ्या वेळी रुळावर काहीच नव्हतं. तरी ती त्याच जागी थांबली, तेवढाच वेळ, आणि पुढे गेली.

मी हातातली खुरमी तशीच धरून बसले. अनु, रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर आठवतं? तू सातवीत जाईपर्यंत आपण तिथे होतो. बाबा बोलता बोलता हात वर करायचे, मी पोळपाटावर लाटणं धरून उभी राहायचे, तू कविता पाठ करताना अर्ध्या ओळीत तोंड उघडं ठेवून थांबायचीस, आणि गाडी गेली की तिघं आपापला शब्द उचलायचो. इकडे तेलीबांध्याला आल्यावरही तू बोलताना मध्येच थांबायचीस. तुझ्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, मुलगी अडखळते का? मी म्हटलं, नाही, गाडी जाऊ देते. त्या बाईंना काही कळलं नाही. तुझ्या त्या गाण्यातली जागा मला का ओळखीची वाटली ते मला गुढ़ियारीत कळलं. ती धीट शांतता नाही अनु, ती आपली मालगाडी आहे. तुला तरी हे ठाऊक होतं का? इरावतीबाईंना नाही. त्या भिंतीला कान लावून बसल्या तरी त्यांना ते ऐकू येणार नाही. मला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत मी ऑटोत एकटीच हसत होते. चांगल्या बाईच्या मनात असं येऊ नये. पण आलं, आणि आज चार दिवसांनीही आहे.

तर सोबतच्या कागदाच्या पुडीत एक मेमरी कार्ड आहे. त्यावर लोकेश्वरीचं ते बोलणं आहे, मालगाडीसकट, आणि मधे ‘पुन्हा म्हण’ असा माझा आवाजही. तिला विचारूनच रेकॉर्ड केलंय. तिच्याशी बोलल्याशिवाय तू ते कुठे वाजवायचं नाहीस, असं मी तिला कबूल केलंय. तिचा नंबर पुडीवर लिहिला आहे. इतकी वर्षं तू शोधायचीस आणि मी ऐकायचे. हे मी शोधलं, माझं पहिलं, आणि ते तुझ्या कानावर सगळ्यात आधी पडावं म्हणून हे पत्र. बाकीचं सगळं हवं तर उपासाचं समज. येत्या रविवारी खोलीचं दार लावून, हेडफोन लावून ऐक. स्पीकरवर नको, तुमच्या भिंती पातळ आहेत. विहीणबाईंना ऐकवायला माझी ना नाही, पण मध्ये एक रविवार जाऊ दे. आणि पुढच्या वेळी माझ्या एकटीच्या फोनवर काही पाठवशील तर तयार झालेलं पाठवू नकोस, अर्धं, चुकलेलं, तू वैतागलेली असतानाचं पाठव. हे माझं मात्र आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांग. अंगठा पाठवू नकोस.

तुझीच,
रायपूरची आई