माझ्या सहीची गाडी

१८ जुलै २०२४
निवड झाली. बिनविरोध. सरांनी बारावीच्या वर्गात विचारलं, विद्यार्थी प्रतिनिधी कोण होतंय? माझ्याशिवाय एकाचाही हात वर नाही. माझ्यापुढे उभं राहायची छातीच नाही कुणाची. उपप्रतिनिधी म्हणून सरांनी संघप्रियाला घेतलं. शांत मुलगी आहे, त्रास देणार नाही.
पुण्याच्या ज्या कॉलेजात मला जायचंय, तिथे प्रवेशाला मार्कांचे ऐंशी आणि मुलाखतीत नेतृत्वाचे वीस. वीस आजच खिशात. पुढचं आयुष्य या मानवत तालुक्यात काढायचं नाही, हे पक्कं.

२१ जुलै
माझा दोस्त बालाजीने गावच्या चौकात फ्लेक्स लावला. नागेशभैया यांचे हार्दिक अभिनंदन! माझा गॉगलवाला फोटो, खाली चौदा शुभेच्छुक. पंधराव्याला जागा उरली नाही म्हणून तो रुसला. अण्णा फ्लेक्सखाली उभं राहून म्हणाले, काय केलंस रे असं? म्हणालो, निवड झाली. ते कळालं, केलंस काय? वडिलांना नेतृत्वातलं काही कळत नाही.
शिक्का बनवायला टाकला.

१२ ऑगस्ट
शिक्का आला. संकल्प: रोज पाचला उठून अभ्यास, नंतर मुलांच्या समस्या ऐकणे.

१३ ऑगस्ट
साडेआठला उठलो. समस्या घेऊन कुणी आलं नाही. म्हणजे कारभार चांगला चालू आहे.

३ सप्टेंबर
संघप्रिया अर्ज घेऊन आली. एसटीच्या टायमाचं काहीतरी. मी फोनवर होतो. सही कुठं करू एवढंच विचारलं. वाचून तरी बघ की, म्हणाली. म्हणालो, माझा तुझ्यावर विश्वास आहे. टीमवर विश्वास टाकणं हाच खरा लीडरशिपचा गुण. (हे मुलाखतीत वापरायचं.)

७ ऑक्टोबर
पुन्हा सही. तिसऱ्यांदा. डेपोतले साहेब भेटंनात, त्रेचाळीस पोरींच्या सह्या जोडायल्यात, तू एकदा संगं चल, म्हणे. नेमक्या दांडियाच्या मिटिंगा. तू हो पुढं, म्हणालो. शिक्का गडबडीत उलटा बसला. चालतंय.

९ डिसेंबर
गाडी सुरू झाली! सकाळी सातची, गावांवरून कॉलेजला. पोरींनी हार घातला, नारळ फोडला. मी तिथे नव्हतो. मी कॉलेजला बालाजीच्या मोटारसायकलवर येतो आणि तो साडेसातशिवाय निघत नाही. पण दुसरा फ्लेक्स झाला: नागेशभैयांच्या अथक प्रयत्नांना यश. अथक हा शब्द बालाजीचा, मी काही सांगितलं नव्हतं. तरी योग्य आहे.

६ मे २०२५
निकाल. अठ्ठावन्न टक्के. पेपर कडक तपासले. शिवाय वर्षभर पद सांभाळलं, ते पुण्याला समजेल.

२० मे
फॉर्म भरला. नेतृत्वाचे पुरावे जोडा, असं होतं. दोन्ही फ्लेक्सचे मिळून सहा फोटो जोडले. वेगळ्या कागदावर शिक्क्याचा ठसा. निबंध लिहून दे म्हणून संघप्रियाला लिंक पाठवली. तिने उलट विचारलं, तू काय काय केलंस ते सांग, मी नीट मांडून देते. या प्रश्नाचा राग आला. निबंध मीच लिहून टाकला.

२३ मे
तिनेही फॉर्म भरलाय! मी पाठवलेल्या लिंकवरून! वर्षभर जिच्या कागदावर डोळे झाकून सह्या केल्या, ती अशी निघावी? दगा. दुसरा शब्द नाही.

५ जून
मुलाखतीला बोलावलं. फॉर्म भरणाऱ्या सगळ्यांनाच बोलावतात म्हणे, पण मला पहिल्याच दिवशी. नवीन बॅग घेतली, मोठी. होस्टेलला लागेलच. चौकात सगळ्यांना सांगून झालं.

१४ जून, पुणे
मुलाखत झाली. मॅडमनी विचारलं, तुम्ही प्रतिनिधी झाल्यावर काय बदललं? छातीठोक सांगितलं, सातची गाडी. आधी किती वाजता यायची? म्हणालो, उशिरा. पहिला तास कितीजणींचा बुडायचा? म्हणालो, बऱ्याच जणींचा. मग तुम्ही नेमकं काय केलंत? म्हणालो, सही. त्यांनी संघप्रियाच्या फायलीतून अर्जाची झेरॉक्स काढली. खाली माझी सही, वर उलटा शिक्का. ही तुमचीच ना? म्हणाल्या. आवाज प्रेमळ होता, म्हणून जास्त लागलं.
संघप्रिया बाहेर बाकावर होती, तिची मुलाखत आधीच झालेली. तू माझं नाव सांगितलंस? मी तावातावाने विचारलं. हो, म्हणाली. मागंल तवा सही द्यायचा, कधी अडवलं न्हाई, असंच सांगितलं. लिहिलंय पण तसंच.
ती कौतुकाने बोलत होती. याचा जास्त राग आला.

२७ जून
यादी लागली. ती चौथी, होस्टेलसकट. माझं नाव वेटिंगमध्येही नाही. मोबाईल बंद करून चालू केला, तरी नाही.
रडलो नाही. थोडं रडलो. सगळ्यांनी फसवलं. सरांनी पद दिलं, बालाजीने भैया केलं, कुणी म्हणालं नाही की यात कामही असतं. एकटे अण्णा म्हणाले होते, पण ते चिडून म्हणाले होते, म्हणून ते धरत नाही.

१० जुलै
मानवतच्याच कॉलेजात बीएला नाव घातलं. मुलाखत नव्हती. बालाजी आयटीआयला परभणीला गेला, मोटारसायकलसकट. आईने दोन्ही फ्लेक्स कडब्यावर टाकलेत.

४ ऑगस्ट
सकाळी सातची गाडी. उभ्याने. संघप्रियाच्या गावच्या फाट्यावर कंडक्टरने दाराबाहेर डोकावून पोरींना विचारलं, अर्जवाली दिसंना की हो, बिमार हाय का? पोरी म्हणाल्या, पुण्याला गेली शिकायला. लय चांगलं झालं, म्हणाला, त्या पोरीनं डेपोत अकरा खेपा घातल्या, तवा कुठं ही गाडी निघाली. मग तिकीट फाडता फाडता मला विचारलं, तवा तुमच्या कॉलेजात प्रतिनिधी कोण होता हो?
म्हणालो, लक्षात नाही.
गाडी पोरींनी भरलेली होती. एकीनेही मला खोटं पाडलं नाही.