श्वासासाठी सोडलेले दोन इंच

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, ऑपेरा थिएटरच्या शिवणखात्यात एकेचाळीस वर्षे नोकरी केलेली शिंपीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे, कारण त्यात एक गोष्ट लपवली होती.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि जिना चढताना डोक्याला लागणारी तुळई, माझ्या धाकट्या भावास. लोक त्याला टेनर म्हणून ओळखतात, म्हणजे पुरुषांच्या आवाजांतला सर्वांत उंच आवाज गाणारा. घरात तो पिपाणी. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि त्याचे तोंड दिवसभर वाजत असे. त्याने घर खुशाल विकावे, मात्र घेणाऱ्यास तुळईची कल्पना आधी द्यावी.

२. शिलाई मशीन व दोन्ही कात्र्या खात्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना. मोठ्या कात्रीने कागद कापलेला आढळल्यास हे कलम रद्द समजावे.

३. सव्वातीन किलोची लोखंडी इस्त्री पिपाणीच्या गानशिक्षिकांना. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, इस्त्री उचलणार नाहीत, पण तिच्यावर त्यांचाच हक्क आहे. पहिले वर्षभर त्यांनी पोराला एक गाणे शिकवले नाही. तो माझ्या कापणीच्या टेबलावर उताणा पडायचा, पोटावर ही थंड इस्त्री ठेवायचा आणि श्वासाने ती वर उचलायचा. बाईंनी आम्हाला खुळ्यात काढले असे वाटून मी भांडायला गेले. त्या म्हणाल्या, "घसा नुसतं दार आहे हो. मी आत घर बांधतेय, जरा दम धरा."

दुसरे वर्ष पाच सुरांत गेले. तिसऱ्या वर्षी थिएटरने त्याचे गाणे पारखायला त्याला रंगमंचावर बोलावले. मी तळघरात बाह्यांना इस्त्री करत होते. दोन मजले आणि तीन बंद दारे ओलांडून तो सूर खाली आला. मी हात तसाच ठेवून उभी राहिले आणि राजाची बाही जळाली. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. हा माझ्या ताटातली पोळी पळवणारा मुलगा, आणि एवढे मोठे काहीतरी त्याच्या बरगड्यांत राहायला आले होते. ती भीती आजही गेलेली नाही.

४. मापांची वही थिएटरच्या संग्रहास. गायकाचे माप दोनदा घ्यायचे असते, श्वास सोडून आणि भरून, आणि कोट भरलेल्या छातीवर शिवायचा असतो. इतर गायकांत दोन मापांमधला फरक दोन इंच भरे, ह्याचा साडेतीन. टेप हातात असूनही माझा विश्वास बसत नसे, मी पुन्हा मोजत असे. सव्वीस वर्षांत तो पोटाने सुटला, केसांनी विरळ झाला, पण साडेतीन इंच जागचे हलले नाहीत.

५. वेशभूषाकारांस काहीही नाही. त्यांच्यावरचा राग मात्र मी मागे घेते, कारण कात्री माझ्या हातात होती.

६. निळा कोट भावासच. कारण लिहिते. अकरा वर्षांपूर्वी त्याला तरुण प्रियकराची भूमिका मिळाली. तो शेहेचाळीसचा होता. वेशभूषाकार म्हणाले, तुमचे बंधुराज पोत्यासारखे दिसतात, कमरेच्या वर दोन इंच घ्या. मी नाही म्हटले. मग त्याला आरशात पाहिले आणि मलाही तो देखणा दिसायला हवा होता. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी श्वासासाठी सोडलेल्या साडेतीनपैकी दोन इंच आत घेतले. त्याला सांगितले, नवे अस्तर आहे, जरा ताठ लागेल.

तिसऱ्या अंकात सर्वांत उंच सुरावर त्याचा आवाज फुटला. माझी शिवण कच्ची असती तर उसवली असती आणि तो वाचला असता. तिचा एक टाकाही सुटला नाही. बाहेर येऊन त्याने सगळ्यांना सांगितले की घसा बसलाय, वय झाले. एकदा भर रंगमंचावर सूर फुटला की मोठी भूमिका देताना व्यवस्थापन दहादा विचार करते, तेवढ्यात दुसरा मिळतो. त्यानंतर तो फक्त शिकवण्या घेतो. साठीपर्यंत टिकेल असा आवाज माझ्या हौसेने बसला.

हे कलम माझ्यामागे वाचावे असे ठरले होते. वकीलबाईंनी विचारले, "मग त्यांनी उत्तर कोणाला द्यायचं?" म्हणून आज दुपारी त्याला बोलावून मी ते स्वतः वाचून दाखवले.

त्याने चष्मा काढला. म्हणाला, "ताई, कोट काढताना नवी शिवण हाताला लागली होती मला."

मी विचारले, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला त्याच दिवशी काढलं असतं. आणि तू पुन्हा कुणाच्या कोटाला हात लावला नसतास. मी ओळखतो तुला."

त्यानंतर सहा वर्षे, निवृत्तीपर्यंत, मी मानाने शिवत राहिले. ती सहा वर्षे कोणी दिली हे मला आज कळले. त्याच्या गाण्याने मी आयुष्यभर थक्क होत आले; एवढी मात्र कधी झाले नव्हते. कलम खोडून टाक, असा त्याने हट्ट धरला. ते खोडलेले नाही. उलट ते थिएटरच्या सूचनाफलकावर, माझ्या हयातीतच, उद्या सकाळी लावावे, अशी माझी वकीलबाईंना लेखी आज्ञा आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला असून तो माझाच आहे.

सही: शिंपीण, अर्थात ताई

साक्षीदार: थिएटरचे निवृत्त पियानोवादक, वरच्या मजल्यावरची परिचारिका. भाऊ लाभार्थी असल्याने त्याची सही घेतलेली नाही. तो शेजारच्या खोलीत बसला आहे व सूचनाफलकाबद्दल त्याला अजून सांगितलेले नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. तारीख: अकरा मार्च.